वगळलेला तुकडा

लॅबमध्ये तिला सगळे भिंगताई म्हणायचे. कुठलाही रिपोर्ट तिची नजर दोनदा फिरल्याशिवाय टेबलावरून हलत नसे. स्वल्पविराम चुकला तरी कागद परत जायचा. सोळा वर्षं ती माणसांची जनुकं वाचत होती. रक्ताची ट्यूब यायची, यंत्र त्यातली अक्षरं काढून द्यायचं, आणि त्या ढिगातून इतरांपेक्षा वेगळी दिसणारी अक्षरं वेचून भिंगताई ठरवायची, हे घातक, हे निरुपद्रवी, याबद्दल काही सांगता येत नाही. मग खाली सही. त्या सहीबद्दल तिला थोडा अभिमानही होता, आणि तो ती फारसा लपवत नसे.

दर गुरुवारी जेवणानंतर लॅबमधलं कुणीतरी नव्या संशोधनाबद्दल सांगायचं. पोटात अन्न, खोलीत एसी, त्यामुळे निम्मी मंडळी उघड्या डोळ्यांनी झोपायची. त्या गुरुवारी पाळी शेजारच्या टेबलावरच्या सहकारीणबाईंची होती.

"जनुकावरून प्रथिन बनतं ते थेट नाही," त्या म्हणाल्या. "पेशी आधी जनुकाची लांबलचक कच्ची प्रत काढते. मग नको ते भाग कापते आणि उरलेले तुकडे जोडते. आता गंमत बघा. नको काय आणि हवं काय हे सगळीकडे सारखं नसतं. मेंदूतली पेशी एखादा तुकडा ठेवते, यकृतातली तोच टाकून देते. म्हणून जनुक एकच, पण त्यापासून प्रथिनं दोन, चार, दहासुद्धा."

"हे कॉलेजात झालंय आमचं," मागून कुणीतरी जांभई देत म्हणालं.

"पुढचं झालेलं नाही. कुठला तुकडा ठेवायचा ते पेशीला कळतं कसं? त्या तुकड्यातच बारीक खुणा असतात. समजा अशा खुणेतलं एक अक्षर बदललं. त्या अक्षराने प्रथिनाच्या घडणीत काडीचाही फरक पडत नाही, म्हणून आपण बिनदिक्कत निरुपद्रवी लिहून मोकळे होतो. पण पेशीला खूण सापडत नाही, आणि ती अख्खा तुकडाच वगळते. गेल्या काही वर्षांत अशी बरीच अक्षरं सापडलीत. हा त्या खुणांचा तक्ता."

भिंगताईच्या हातातला चहा ओठांपर्यंत गेलाच नाही. पुढची दहा मिनिटं कोण काय बोललं ते तिला कळलं नाही.

तिला एक बाई आठवत होत्या. चार वर्षांपूर्वी लॅबच्या काउंटरवर येऊन उभ्या राहिलेल्या, बोटांना निळा रंग लागलेला. शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांची अकरा वर्षांची मुलगी जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढत न्यायची. डॉक्टरांना स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची शंका होती. तो आजार व्हायला एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, वडिलांकडून आलेली आणि आईकडूनही. वडिलांकडची बिघडलेली होती, अगदी स्पष्ट. आईकडच्या प्रतीत एकच वेगळं अक्षर सापडलं, आणि ते प्रथिनात काही बदल करणारं नव्हतं. निरुपद्रवी, असं भिंगताईने लिहिलं. आनुवंशिक आजार सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. रिपोर्ट घ्यायला आलेल्या त्या बाईंनी काचेतून विचारलं होतं, "ताई, नीट बघितलंत ना?"

आणि ती म्हणाली होती, "दोनदा बघितलंय."

कार्यक्रम संपायच्या आत भिंगताई उठून जुन्या फायलींच्या खोलीत गेली. रिपोर्ट मिळाला. अक्षर मिळालं. सहकारीणबाईंनी दाखवलेल्या तक्त्यातल्या खुणांशी ते ताडून बघितलं, तर ते एका खुणेच्या बरोबर मध्ये बसलेलं. तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग कागद हातात धरून ती नुसतीच खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली.

लॅबच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "तेव्हाच्या नियमांप्रमाणे तू बरोबर होतीस. कुणीही हेच लिहिलं असतं."

"कुणीही नाही लिहिलं, बाई. मी लिहिलं."

"बस आधी. तुझ्या येरझाऱ्यांनी मला गरगरायला लागलंय."

ती बसली आणि लगेच उठली.

"खुणेवर अक्षर आहे म्हणजे तुकडा गळतोच असं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "शंभरातल्या नव्वद वेळा पेशी सांभाळून घेते. मुलीच्या पेशींमधली प्रत प्रत्यक्ष तपास. पुरावा आण, मग बोलू. आणि तोवर त्या घरी फोन करायचा नाही. उगाच आशा लावायची आणि मग हात वर करायचे, याच्याइतका वाईटपणा नाही."

त्या मुलीवर उपचार करणारे स्नायूंचे डॉक्टर समोरच्याच इमारतीत बसायचे. त्यांच्याकडून कळलं ते ऐकून भिंगताईची अस्वस्थता दुप्पट झाली. आनुवंशिक आजार नाही म्हटल्यावर दुसरी शक्यता उरली होती स्नायूंना सूज येण्याची. सुजेवर औषध असतं, म्हणून चार वर्षं मुलगी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. डोस कधी वाढवला, कधी बदलला.

"फरक पडला?" तिने विचारलं.

"पायांत नाही," डॉक्टर म्हणाले. "चेहरा सुजला, उंची थांबली. मागच्या वर्षी साध्या पडण्याने मनगट मोडलं. मी बंद करायला बघायचो आणि मग वाटायचं, या गोळ्यांमुळेच निदान एवढं तरी टिकलंय की काय." ते हळू बोलणारे गृहस्थ होते, आणि बोलता बोलता आणखी हळू झाले. "हा आजार आनुवंशिक असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग शून्य. सोमवारी ती तपासणीला येणार आहे. फेरतपासणीसाठी म्हणून संमती घेतो आणि एक ट्यूब जास्त काढतो."

सोमवारपर्यंतचे तीन दिवस तिने कसे काढले ते घरच्यांना विचारावं. भाजी चिरताना सुरी ठेवून ती गॅलरीत जायची, गॅलरीत जाऊन कशाला आलो ते विसरायची. नवरा गणिताचा शिक्षक. त्याने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "तू एकाच भाजीत मीठ दोनदा घातलंस. माझं एक असू दे, पण बाबांच्या रक्तदाबाचा तरी विचार कर."

सोमवारी मुलीचं रक्त आलं. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त हवं, म्हणून भिंगताईने स्वतःचंच काढून घेतलं. दोन्हींतून त्या जनुकाची कापून जोडलेली प्रत वेगळी केली, तिच्यातल्या संबंधित भागाच्या लाखो नकला काढल्या आणि त्या जेलमधून विजेच्या जोरावर शेजारी शेजारी पळवल्या. अशा पळवण्यात आखूड प्रत पुढे निघून जाते, लांब प्रत मागे रेंगाळते. तुकडा गळला असेल तर मुलीची रेघ तिच्या रेघेच्या पुढे दिसायला हवी.

दोन्ही रेघा एका ओळीत आल्या. पट्टी लावून बघितलं तरी केसाचाही फरक नाही.

"मिटलं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटकेचा सूर होता. "तुझी प्रत आणि तिची प्रत सारखीच. अक्षर खरंच निरुपद्रवी आहे. आता घरी जा आणि झोप."

सुटका तिलाही वाटायला हवी होती. घरी जाताना ती बसमधून दोन थांबे आधीच उतरली आणि चालत गेली. आपण बरोबर होतो, हे तिने स्वतःला रस्ताभर सांगितलं. दर वेळी ते आधीच्यापेक्षा कमी पटलं. आजार आहे, वडिलांकडची प्रत बिघडलेली आहे, गोळ्या लागू पडत नाहीत, आणि आईकडचं अक्षर नेमकं खुणेवर आहे. इतके योगायोग एका मुलीच्या वाट्याला?

सासरे छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी लाल पेन्सिल सुटली नव्हती. सकाळी वर्तमानपत्रातल्या चुका काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी सून समोर नुसतीच कप फिरवत बसलेली बघून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालंय, सूनबाई? चार दिवस बघतोय, घरात वारा शिरल्यासारखी फिरतेयस."

तिने जमेल तसं सांगितलं. कच्ची प्रत, कापाकापी, तुकडा, दोन रेघा. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांना कितपत कळतंय याची तिला शंका होती.

"म्हणजे तिचं प्रूफ आणि तुझं प्रूफ जुळलं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि मूळ हस्तलिखिताशी?"

"म्हणजे?"

"अगं, दोन प्रुफं एकमेकांशी जुळली म्हणजे ती बरोबर आहेत असं कुणी सांगितलं? दोन्हींत तीच ओळ गळलेली असेल तर? आमच्याकडे एकदा अख्खा परिच्छेद असा गेला. दोघांनी तपासलं, दोघांची प्रुफं सारखी, दोघंही खूश. लेखक आला तेव्हा बोंब झाली. प्रूफ नेहमी मुळाशी लावायचं."

तिने कप ठेवला. चप्पल घालताना डावी-उजवी अदलाबदल झाली ते तिला बसस्टॉपवर कळलं.

लॅबमध्ये पोचल्यावर तिने कालच्या रेघांची लांबी मोजली. ती मुलीची आहे की आपली, हे बाजूला ठेवून नुसतीच किती अक्षरांची आहे ते पाहिलं. मग जनुकातले सगळे तुकडे धरले तर प्रत किती लांब व्हायला हवी, त्याची बेरीज केली. फरक त्रेसष्ट अक्षरांचा निघाला, दोन्हींत. वादातला तुकडा बरोबर त्रेसष्ट अक्षरांचाच होता.

म्हणजे तो तुकडा मुलीच्या रक्तात नव्हता, पण भिंगताईच्या रक्तातही नव्हता. रक्तातल्या पेशींना त्याची गरजच नव्हती. त्या कुणाच्याही शरीरात तो टाकूनच देत होत्या. जनुकाच्या नोंदी चाळल्यावर कळलं, तो ठेवतात फक्त स्नायूंच्या पेशी, त्यांना लागणारं प्रथिन वेगळं म्हणून. आणि असं होतं हे सहकारीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. जिथे तुकडा कधी नसतोच, तिथे तो हरवलाय का, असं ती विचारत बसली होती.

"स्नायू हवा," ती मोठ्या बाईंच्या दारात उभी राहून म्हणाली. धावत आल्यामुळे धाप लागली होती.

मोठ्या बाईंनी आकडे बघितले. बराच वेळ बघितले. "त्या मुलीला पुन्हा कापायचं का यासाठी?"

"नाही. चार वर्षांपूर्वी सूज आहे का ते बघायला मांडीतल्या स्नायूचा तुकडा काढला होता. उरलेला भाग हॉस्पिटलच्या फ्रीजरमध्ये असायला हवा."

"असायला हवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "या इमारतीत असायला हव्यात अशा पुष्कळ गोष्टी आहेत."

डॉक्टरांनी संमतीसाठी मुलीच्या आईला फोन केला, आणि तिथूनच ते बाहेर पडलं. दुपारी लॅबचा फोन वाजला. भिंगताई जवळ होती, तिने उचलला.

"मी बोलतेय, त्या मुलीची आई. डॉक्टर म्हणाले जुना स्नायू पुन्हा तपासताय. काही सापडलंय का?"

आवाज तिने लगेच ओळखला. "अजून काही सांगता येणार नाही."

"चार वर्षांनी कुणी उगाच तपासत नाही हो."

"आम्ही... तपासणी पूर्ण होऊ द्या. कळवू आम्ही."

"बरं," बाई म्हणाल्या. पण फोन लगेच ठेवला नाही. मग पलीकडून फोन बंद झाला.

हॉस्पिटलच्या तळघरात फ्रीजर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे बर्फोबा म्हणायचे. गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, हातात मोठे मोजे, आणि बोलणं असं की दर वाक्यागणिक समोरच्यावर उपकार. त्यांनी वही काढली, बोट फिरवलं.

"तिसरा फ्रीजर, वरून दुसरा कप्पा, डबा एकोणचाळीस." त्यांनी डबा काढला. धुकं ओसरल्यावर आत बघितलं. "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. एकोणचाळीसमध्ये कुणाचं तरी यकृत आहे."

"गेलं कुठे मग?"

"मागच्या वर्षी तिसरा फ्रीजर बंद पडला होता. सगळं घाईघाईत पाचव्यात हलवलं, मग परत आणलं. कुणी आणलं, तर मी नव्हे. मी रजेवर होतो." ते थोडे वरमले. "पाचव्यात सहाशे डबे आहेत, बाई. एकेक उघडायचा तर थंडी बाहेर पडते, सारखं उघडता येत नाही. तासाला दहा."

"मग तासाला दहा."

"तुम्ही इथेच थांबणार?"

"हो."

बर्फोबांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि कोपऱ्यातला दुसरा कोट काढून दिला. दोन दिवस लागले. सकाळचं लॅबचं काम उरकून ती खाली यायची. बर्फोबा डबा काढायचे, ती भराभर चिठ्ठ्या वाचायची, ते परत ठेवायचे. मधल्या वेळात ती त्या अरुंद खोलीत फ्रीजरपासून दारापर्यंत मोजून अकरा पावलं चालायची. एखादी लहानशी चीज कायमची वितळून गेली असेल तर आपल्याला कधी कळणारही नाही, या विचाराने तिचे हात कोटातही गार पडायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फोबांनीच आरोळी ठोकली. चिठ्ठीवरचा शेवटचा आकडा पुसट झाला होता, पण बाकीचे जुळत होते. तांदळाच्या चार दाण्यांएवढा गोठलेला स्नायू.

"सांभाळून न्या," ते म्हणाले. "आणि मिळालं काही तर मलाही सांगा. इथून वस्तू वर जातात, पुढे त्यांचं काय होतं ते मला कुणी सांगत नाही."

अर्धा भाग तिने मागे ठेवला, न जाणो. अर्ध्यावर काम सुरू केलं. या वेळी तुलनेला दुसऱ्या एका निरोगी माणसाचा स्नायू होता. रेघा उमटताना ती स्क्रीनसमोर उभी होती. खुर्ची कुणीतरी दोनदा पुढे केली, तिने दोनदा मागे सारली.

निरोगी स्नायूची रेघ मागे थांबली, पूर्ण लांबीची. मुलीची रेघ पुढे निघून गेली. मागच्या जागी जवळजवळ काहीच नव्हतं. वडिलांकडची मोडकी प्रत पेशी फेकून देत होती, आणि आईकडच्या प्रतीतून तो त्रेसष्ट अक्षरांचा तुकडा गळत होता. स्नायूला हवं ते प्रथिन बनायला काही उरतच नव्हतं.

पहिल्या क्षणी तिला आनंद झाला. आपली शंका खरी ठरल्याचा निखळ, मूर्ख आनंद. दुसऱ्या क्षणी तिला त्याची इतकी लाज वाटली की ती स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. उरलेल्या भागावर तिने सगळं पुन्हा केलं. तेच आलं.

मोठ्या बाईंनी सुधारित रिपोर्टवर सही केली. "डॉक्टर सांगतील घरच्यांना. आपण लॅबची माणसं पेशंटसमोर जात नाही."

"मी जाणार आहे, बाई."

"कशाला? शिव्या खायला?"

"त्यांनी मला विचारलं होतं. उत्तर मीच दिलं होतं."

ती निघाली तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "पाणी पिऊन जा. आणि सबबी सांगू नकोस, नियमांच्या वगैरे. त्या मी सांगेन, गरज पडली तर."

डॉक्टरांच्या खोलीत तिघं आधीच येऊन बसली होती. आईच्या केसांत पांढरी बट आली होती. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावरून थेट आले होते, खिशात स्क्रू ड्रायव्हर तसाच. मधे मुलगी, आता पंधरा वर्षांची, गोल सुजलेल्या चेहऱ्याची, काठी मांडीवर आडवी धरलेली. तिचे डोळे मात्र त्या चेहऱ्याच्या मानाने फार तल्लख होते.

डॉक्टरांनी हळूहळू समजावून सांगितलं. कच्ची प्रत, कापणं, जोडणं, स्नायूंचं वेगळं प्रथिन. आई कागदाकडे बघत होत्या. डॉक्टर थांबले तेव्हा भिंगताई म्हणाली, "पहिला रिपोर्ट मी लिहिला होता. तुमच्याकडून आलेलं अक्षर निरुपद्रवी आहे, असं मी ठरवलं. ते चुकलं."

आईंनी मान वर केली. ओळखायला क्षणभर लागला. "काचेपलीकडे होतात तुम्ही. मी विचारलं होतं, नीट बघितलंत ना."

"हो."

"दोनदा बघितलं म्हणालात."

"दोन्ही वेळा चुकीचंच वाचलं."

"चार वर्षं," आई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "चार वर्षं मी तिला रोज सकाळी गोळ्या भरवल्या. नको म्हणायची, ओकायची, तरी भरवल्या. आरशात बघायची नाही ही. घरातले आरसे काढले आम्ही. मनगट मोडलं तेव्हा मी तिलाच ओरडले, नीट बघून चालत नाहीस म्हणून. आणि तुम्ही आता येऊन सांगताय, अक्षर वाचायला चुकलं."



वडिलांनी घसा साफ केला. "म्हणजे एकट्या माझ्याकडून नाही आलेलं हे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "एकट्या तुमच्याकडच्या बिघाडाने काहीच झालं नसतं. दोन्ही लागतात. आणि यात दोष कुणाचाच नाही."

वडील उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता तिथे काहीतरी दुसरंच येऊ लागलं. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही अजून ते धरून बसला होतात? मी कधी बोलले का तसं?"

"बोलली नाहीस म्हणूनच," वडील खिडकीकडेच बघत म्हणाले.

"तुमचं झालं की माझं विचारू का?" मुलगी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "गोळ्या बंद ना?"

"एकदम नाही. हळूहळू कमी करू," डॉक्टर म्हणाले. "सात-आठ महिन्यांत बंद."

"चेहरा?"

"उतरेल."

"पाय?"

भिंगताईला वाटलं डॉक्टर काहीतरी गोड बोलतील, पण ते सरळच म्हणाले, "पायांना आज औषध नाही. व्यायाम नीट आखता येईल, कारण आता आजार कुठला ते माहीत आहे. अशा गळणाऱ्या तुकड्यांवर जगात काम चालू आहे. तुझ्यासाठी कधी होईल ते मला माहीत नाही."

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "निदान खरं तरी आहे."

निघताना आई दारात थांबल्या. "आमच्यासारखे अजून किती असतील तुमच्या कपाटात?"

"माहीत नाही," भिंगताई म्हणाली.

"मग इथे काय करताय उभ्या राहून?"

त्या प्रश्नाने तिला पुढे कित्येक आठवडे धड बसू दिलं नाही. ती जुन्या निकालांचे गठ्ठे काढू लागली. मोठ्या बाई आधी कुरकुरल्या, मग त्यांनी आठवड्यातल्या दोन सकाळी मोकळ्या करून दिल्या आणि सहकारीणबाईंना जोडीला दिलं. पहिल्या चारशे रिपोर्टांत खुणांवर बसलेली सात अक्षरं सापडली. पाचांचं काही बिघडलेलं नव्हतं. एका बाईंचा पत्ता बदललेला, फोन लागत नव्हता, तो शोध चालू होता. सातव्या घरी फोन लावला तर ज्यांच्यासाठी लावला ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांच्या भावाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्या मुलांना तपासायचं का? त्या दिवशी भिंगताई घरी चालत गेली, पूर्ण रस्ता. शब्द दिल्याप्रमाणे तिने तळघरात जाऊन बर्फोबांनाही सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते पाचव्या फ्रीजरमधल्या सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला बसले.

गोळ्या अर्ध्यावर आल्या तेव्हा मुलीने लॅब बघायची आहे असा निरोप पाठवला. ती आली ती फाटकापासून चालत. चाकांची खुर्ची पुढे केली तर नको म्हणाली. लॅबच्या दारापर्यंत यायला तिला वीस मिनिटं लागली. चेहऱ्याची सूज उतरू लागली होती, आणि आत लपलेली हनुवटी वडिलांसारखी निघाली. आई दारापाशीच थांबल्या.

भिंगताईने तिला स्क्रीनवर रेघा दाखवल्या. स्नायूंच्या दोन, एक मागे आणि एक पुढे.

"एवढंच अंतर?" मुलगी म्हणाली.

"एवढंच."

"आणि हे शेजारचं?"

"ते रक्त. एक तुझं, एक माझं."

मुलीने वाकून बघितलं. "सारखंच आहे."

"सारखंच असणार. रक्ताला तो तुकडा लागत नाही. डोळ्यांना लागत नाही, यकृताला, मेंदूला, कुणालाच नाही. त्या सगळ्या पेशी त्याच जनुकापासून आपापलं प्रथिन व्यवस्थित बनवतायत."

मुलगी काठीवर रेलून विचार करत राहिली. मग दाराकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आई, मी बरीचशी ठीक आहे म्हणे."

आईंनी मुलीकडे बघितलं, मग भिंगताईकडे. त्या हसल्या नाहीत. दारातून दोन पावलं आत आल्या, पर्स खांद्यावर सावरली आणि म्हणाल्या, "दाखवा बघू मलाही. आणि सावकाश सांगा, घाई नको."